तेरा शिलिंग चार पेन्सांचं जंगल

तेरा शिलिंग चार पेन्स. म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. वर्षाला एवढं भाडं सरकारात भरायचं आणि त्या बदल्यात इंगलवुड नावाच्या अख्ख्या जंगलावरचा राजाचा हक्क आपल्या नावावर करून घ्यायचा, असा भाडेपट्टा सर जेम्स लाउदरने 1767 च्या डिसेंबरात ब्रिटिश ट्रेझरीकडून पदरात पाडून घेतला. ‘जंगल’ हे नाव जुन्या दप्तरातलं, राजे शिकारीला येत त्या काळचं. प्रत्यक्षात कार्लाइल आणि पेनरिथ या दोन गावांमधला तो शेतीवाडीचा, वस्त्यांचा मुलूख होता आणि पोर्टलंडच्या ड्यूकचं घराणं सत्तर वर्षं तिथे मालक म्हणून वावरत होतं. लाउदरला तिथलं लाकूड नको होतं आणि गवतही नको होतं. त्याला इंग्लंडच्या वायव्य टोकाच्या कंबरलँड काउंटीच्या खासदारकीच्या जागा हव्या होत्या. होत्या दोनच, आणि त्याला दोन्ही हव्या होत्या.

या एका पट्ट्यापायी पुढच्या चार वर्षांत एक निवडणूक उलटली, पार्लमेंटला एक कायदा करावा लागला, शेकडो लोकांच्या दारात कोर्टाचे कागद येऊन पडले. आणि शेवटी पट्टा रद्द झाला तो त्याच तेरा शिलिंग चार पेन्सांवरून. अठराव्या शतकातला इंग्लिश जमीनदार राजकारण कसं करायचा हे समजून घ्यायला मला तरी याहून बोलकं प्रकरण सापडलेलं नाही. लाउदर हा माणूस काही थोर नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेत आजही त्याला ‘दुष्ट जिमी’ म्हणतात आणि त्याचं भूत घोड्यांच्या गाडीतून फिरतं अशी गोष्ट सांगतात. पण खलनायक म्हणून त्याला निकालात काढलं तर हाती काही लागत नाही. तो जे करत होता ते बहुतेक सगळं कायद्याच्या चौकटीत बसत होतं.

विशीच्या आत तीन इस्टेटी

जन्म 1736 चा. 1751 मध्ये नात्यातले तिसरे व्हायकाउंट लॉन्सडेल निपुत्रिक वारले आणि चौदा वर्षांच्या जेम्सकडे वेस्टमोरलंडमधली लाउदरची जमीन आणि बॅरोनेट ही पदवी आली. 1755 मध्ये व्हाइटहेवनचे वृद्ध लाउदर गेले. समुद्रकाठच्या कोळशाच्या खाणी त्यांच्या. त्यांचा वारस दुसराच होता, पण तोही वर्षभरात, 1756 मध्ये, तरुणपणीच वारला आणि खाणीही जेम्सकडे आल्या. वडिलांकडची इस्टेट होतीच. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात पोराच्या हातात तीन शाखांची मालमत्ता आणि एक बंदर. आपल्याकडे अशा पोराला म्हातारे म्हणाले असते, याला कुणी नाही म्हणणारं उरलेलं नाही. ते खरंच ठरलं.

पैसा हातात आल्याबरोबर त्याने काय विकत घेतलं ते पाहण्यासारखं आहे. 1756 मध्ये कॉकरमथ या छोट्या गावातली 134 ‘बर्गेज’ त्याने 58 हजार पौंडांना घेतली. बर्गेज म्हणजे गावठाणातली ठरावीक जुनी जागा. कधी तिच्यावर घर असायचं, कधी नुसती पडकी भिंत. गंमत अशी, की खासदार निवडायचा मताचा हक्क या जागेला चिकटलेला असे. जागा ज्याची, मत त्याचं. हिशेब केला तर एका जागेला सरासरी 430 पौंडांहून जास्त पडले. विटा-मातीची किंमत एवढी असणं शक्यच नव्हतं, तो मताचा भाव होता. निम्म्याहून अधिक बर्गेज हातात आल्या की गावाच्या दोन्ही खासदारक्या कायमच्या खिशात. मतदाराला पैसे चारणं हा गुन्हा होता, पण मतच जमिनीसकट विकत घेणं हा साधा खरेदीखताचा व्यवहार. वकील बसवायचा, दस्त करायचा, झालं. इथेच लाउदरची दृष्टी तयार झाली असं मला वाटतं: माणसं सांभाळत बसण्यापेक्षा कागद सांभाळावा.

1757 मध्ये तो स्वतः कंबरलँडचा खासदार झाला. 1761 मध्ये त्याने लॉर्ड ब्यूटची थोरली मुलगी मेरी हिच्याशी लग्न केलं. ब्यूट हा तरुण राजा तिसऱ्या जॉर्जचा गुरू आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान. सासरेबुवांचं पद वर्षभरातच गेलं, पण दरबारात त्यांचे लोक होते. संसार काही सुखाचा झाला नाही, मूलबाळ झालं नाही. तो विषय इथे एवढाच.

जंगल नक्की कोणाचं

कंबरलँडमध्ये लाउदरच्या वाटेत एकच मोठा माणूस होता: पोर्टलंडचा तिसरा ड्यूक, विल्यम कॅव्हेंडिश-बेंटिंक. लाउदरहून दोन वर्षांनी लहान, स्वभावाने मवाळ आणि राजकारणात लॉर्ड रॉकिंगहॅमच्या विरोधी गटातला. त्याचा पूर्वज हान्स विलेम बेंटिंक हा तिसऱ्या विल्यम राजाचा डच मित्र. राजाने त्याला 1690 च्या दशकात पेनरिथची जहागीर दिली होती. बेंटिंक घराण्याने त्या सनदेबरोबरच शेजारचं इंगलवुड जंगल आणि कार्लाइलच्या किल्ल्याखालची जमीनही वहिवाटीला सुरुवात केली. सनदेत त्यांची नावं स्पष्ट लिहिलेली नव्हती. ‘अनुषंगिक सर्व हक्क’ अशा छापाच्या शब्दांत ती येतात, असं घराण्याचं म्हणणं. सत्तर वर्षं कोणी हरकत घेतली नाही. कुळं बेंटिंकांच्या कचेरीत खंड भरत राहिली, जमिनी हातोहात विकल्या गेल्या, लेकींच्या लग्नात दिल्या गेल्या.

महाराष्ट्रात महसुलाचं काम केलेल्या कोणालाही हे चित्र नवं नाही. सात-बारावर एक नाव, प्रत्यक्षात कसणारा दुसरा, आणि जुन्या फेरफारात एक शब्द असा, की त्यावर दोन पिढ्या भांडाव्यात. दोन खासगी माणसांत भांडण असतं तर प्रश्न लगेच सुटला असता, कारण इतक्या वर्षांच्या ताब्यानंतर दुसऱ्याचा दावा मुदतबाह्य ठरतो. पण इथे मूळ मालक राजा. आणि राजाला मुदत लागत नाही, असं जुनं तत्त्व होतं. ‘नल्लम टेंपस ऑकरिट रेजी’ हे त्याचं लॅटिन रूप. राजा राज्याच्या कामात गुंतलेला असतो, त्याच्या नोकरांच्या दुर्लक्षाने त्याचं नुकसान होऊ नये, अशी त्यामागची भूमिका. 1624 च्या सुमारास पार्लमेंटने याला एक लगाम घातला होता, पण तो विचित्र होता. त्या वेळेपासून मागे साठ वर्षं मोजून त्यांनी रेषा आखली आणि त्याआधीपासून ज्यांचा ताबा आहे त्यांना अभय दिलं. रेषा मात्र तिथेच राहिली. 1767 मध्ये त्या अभयासाठी दोनशे वर्षांपूर्वीचा ताबा दाखवावा लागला असता. पोर्टलंडकडे सत्तर वर्षं होती.

लाउदरच्या वकिलांनी बोट ठेवलं ते नेमकं इथे. जुलै 1767 मध्ये त्याने ट्रेझरीकडे अर्ज केला. आशय असा: या जमिनी राजाच्या आहेत, राजाला त्यातून काही मिळत नाही, त्या मला तीन आयुष्यांच्या मुदतीने भाडेपट्ट्याने द्याव्यात. ‘तीन आयुष्यं’ म्हणजे पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची, शेवटचा मरेपर्यंत पट्टा चालू. अर्ज सरकारी जमिनींच्या सर्व्हेअर जनरलकडे अभिप्रायासाठी गेला. अभिप्राय लाउदरच्या बाजूने आला. पोर्टलंडला कुणकुण लागली तेव्हा त्याने आपली कागदपत्रं दाखवायची तयारी दाखवली आणि सरकारी दप्तरातले जुने कागद पाहू द्या, अशी मागणी केली. मागणी नाकारली गेली. ड्यूकचे लोक पुरावे जमवत असतानाच डिसेंबरात पट्ट्यावर शिक्का बसला. तेव्हा सरकार ग्राफ्टनच्या ड्यूकचं होतं, पोर्टलंड विरोधी गटात होता, आणि सार्वत्रिक निवडणूक तीन-चार महिन्यांवर आली होती. हा योगायोग होता असं तेव्हा इंग्लंडात कोणालाच वाटलं नाही, आज आपणही समजायचं कारण नाही.

दोन मतं

लाउदरचा डाव असा: इंगलवुडच्या गावकऱ्यांना कळू दे की उद्यापासून जमिनीचा धनी मी. मग ते मत कोणाला देतील?

काउंटीत मत द्यायचं म्हणजे तुमच्याकडे वर्षाला किमान चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन हवी. आणि मतदान उघड. माणूस पुढे यायचा, नाव सांगायचा, जमीन कुठली ते सांगायचा आणि सगळ्यांच्या देखत उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचा. कारकून ते वहीत उतरवून घ्यायचा. मतदानाच्या वह्या पुढे छापूनही निघत. म्हणजे जमीनदाराच्या मुनिमाला निकालानंतर फक्त वही उघडायची. अशा पद्धतीत दहशत चालायला हवी, नाही का?

चालली नाही. लाउदर इथे चुकला असं माझं मत आहे आणि चूक साधी होती. कॉकरमथची जागा विकत घेतली की मत मिळत होतं, कारण तिथे मालक बदलत होता. इंगलवुडमध्ये त्याने जमीन घेतलीच नव्हती, त्याने फक्त जमिनीच्या मालकीवर शंका घेतली. ती शंका एकट्या पोर्टलंडच्या नव्हे, तिथल्या प्रत्येक लहान मालकाच्या डोक्यावर टांगली गेली. ज्यांच्या आज्याने बेंटिंकांकडून रीतसर जमीन घेतली होती त्यांचा दस्तही आता संशयात आला. आणि इंगलवुडच का? राजाला मुदत नसेल तर देशातल्या कुठल्याही सरदाराच्या, कुठल्याही शेतकऱ्याच्या जमिनीवर उद्या कोणीतरी ट्रेझरीत अर्ज टाकू शकतो. जे लोक ड्यूकचे मित्र नव्हते तेही हादरले. एका परगण्यातलं भांडण बघता बघता देशभरातल्या जमीनमालकांचं झालं.

मतमोजणीचे आकडे असे. पोर्टलंडच्या बाजूचा हेन्री कर्वेन 2139. लाउदर 1977. पोर्टलंडच्याच बाजूचा हेन्री फ्लेचर 1975. लाउदरचा जोडीदार हम्फ्री सेनहाउस 1891. पहिले दोघे निवडून. म्हणजे लाउदर आत, फ्लेचर बाहेर, फरक दोन मतांचा.

हा दोनचा आकडा मतदारांनी दिलेला नव्हता, तो शेरिफने दिलेला होता. काउंटीचा शेरिफ हाच निवडणूक अधिकारी, आणि तो लाउदरकडे झुकलेला. त्याने तांत्रिक कारणांवरून फ्लेचरची मतं बाद करायचा सपाटा लावला होता. कागदाचीच लढाई इथेही, फक्त हत्यार लहान. फ्लेचरने कॉमन्स सभागृहाकडे दाद मागितली. तेव्हा निवडणुकीचे तंटे कोर्टात नव्हे, सभागृहातच सुटत आणि बहुतेक वेळा ज्याचं बहुमत त्याच्या बाजूने सुटत. लाउदर सरकारच्या बाजूचा, तरीही 16 डिसेंबर 1768 ला सभागृहाने त्याला घरी पाठवून फ्लेचरला बसवलं. सरकारी बाकांवरच्या जमीनदारांनाही आपापल्या सनदा आठवल्या असाव्यात.

घरी म्हणजे खरोखर घरी नव्हे. कॉकरमथ कशासाठी घेऊन ठेवलं होतं? तिथून 1768 मध्ये निवडून आलेला जॉर्ज मॅकार्टनी हा लाउदरचा साडू, ब्यूटचाच दुसरा जावई. 1769 मध्ये मॅकार्टनी बाजूला झाला आणि लाउदर तिथून पुन्हा पार्लमेंटात. (हाच मॅकार्टनी पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.)

साठ वर्षं

पट्टा झाल्यानंतर दोन महिन्यांत, 1768 च्या फेब्रुवारीत, यॉर्कशरचा खासदार सर जॉर्ज सॅविल याने विधेयक मांडलं. राजालाही मुदत लागली पाहिजे, साठ वर्षांची, आणि ती मागच्या कुठल्या तरी सालापासून नव्हे तर दावा दाखल होईल त्या दिवसापासून मागे मोजायची. पहिल्या खेपेला ते 134 विरुद्ध 114 मतांनी पुढे ढकललं गेलं. सरकारविरुद्ध 114 मतं पडणं ही त्या काळात सरकारची नामुष्कीच होती. नव्या पार्लमेंटमध्ये 1769 साली ते मंजूर झालं.

साठ वर्षांचा हा आकडा आपल्याही ओळखीचा आहे. ब्रिटिश अमदानीतल्या 1908 च्या मुदतीच्या कायद्यात सरकारला दावा लावायला साठ वर्षांचीच मुदत होती. 1963 च्या कायद्याने ती तीस वर्षांवर आणली. तालुक्याच्या कोर्टात सरकारी जमिनीवरच्या ताब्याचा दावा चालतो तेव्हा वकील ‘तीस वर्षं’ म्हणतो, त्याच्या आधीच्या पिढीतला वकील ‘साठ वर्षं’ म्हणायचा. त्या साठाच्या मागे कंबरलँडच्या थंड पावसातलं हे भांडण उभं आहे हे ना त्याला ठाऊक, ना अशिलाला.

कायदा झाला, पण त्यात एक फट ठेवली गेली. ज्यांना आधीच पट्टे मिळालेत त्यांनी वर्षभराच्या आत दावे लावले तर त्यांना नवी मुदत आडवी येणार नव्हती. इंग्लंडात अशा स्थितीत किती लोक होते? नाव घेण्यासारखा एकच. लाउदरने ते वर्ष वाया घालवलं नाही. त्याने इंगलवुडच्या रहिवाशांवर शेकडो दावे लावले. शेतकरी, छोटे मालक, ज्यांनी आयुष्यात वकिलाचं तोंड पाहिलं नव्हतं अशांच्या दारात ताबा सोडण्याच्या नोटिसा गेल्या. ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नीच गोष्ट वाटते. निवडणूक होऊन गेली होती, खासदारकी मिळाली होती. आता उरला होता तो फक्त राग, आणि तो निघत होता ड्यूकवर नव्हे तर ज्यांनी उघड मत दिलं होतं त्यांच्यावर. पोर्टलंडने आपल्या माणसांचा खर्च उचलला आणि कर्जात रुतत गेला.

नोव्हेंबर 1771 मध्ये मूळ दावा एक्सचेकर कोर्टात उभा राहिला. दोन्हीकडून नामांकित वकील, गाड्या भरून कागद. जंगलाच्या हद्दी, सनदेचा अर्थ, सत्तर वर्षांची वहिवाट, सगळ्यावर लढायची तयारी. त्यातलं काहीच झालं नाही. लाउदरचा पट्टा वाचला गेला आणि ड्यूकच्या वकिलांनी एक जुना कायदा पुढे केला. अ‍ॅन राणीच्या पहिल्या वर्षी, 1702 मध्ये, पार्लमेंटने ठरवलं होतं की राजाच्या जमिनी यापुढे फुंकून टाकायच्या नाहीत. पट्टा द्यायचा तर 31 वर्षांचा किंवा तीन आयुष्यांचा, आणि भाडं उत्पन्नाच्या निदान एक तृतीयांश. तीन आयुष्यांची अट लाउदरच्या पट्ट्याने नीट पाळली होती. भाड्याची? सबंध इंगलवुड जंगलाला तेरा शिलिंग चार पेन्स. जंगलाचं वार्षिक उत्पन्न दोन पौंड आहे असं कोर्टात म्हणायची हिंमत कुठल्या वकिलात असणार?

पट्टा अवैध ठरला. जमीन कोणाची हा प्रश्न न्यायाधीशांनी उघडलासुद्धा नाही. ट्रेझरीत स्वतःची माणसं बसलेली असताना भाडं नाममात्र लावून घ्यायचं, ही हौस नडली. पन्नास-शंभर पौंड जास्त लिहिले असते तर खटला वर्षानुवर्षं चालला असता. लाउदरच्या कचेरीत एकाला तरी 1702 चा कायदा माहीत नसेल हे पटत नाही. पण अशा मालकाला ‘साहेब, भाडं वाढवून लिहू या’ असं सांगायचं कोणी?

जिंकलेल्याच्या हातीही फारसं काही राहिलं नाही. पोर्टलंडने 1787 मध्ये कंबरलँडमधली आपली जमीन डेव्हनशरच्या ड्यूकला विकून टाकली.

तेच तिघे, 1783

पंधरा वर्षांनी हीच मंडळी पुन्हा समोरासमोर आली, आणि या वेळी पैजेवर कंबरलँड नव्हतं, हिंदुस्थान होता.

दोन मतांनी पडून सभागृहाच्या दारातून आत आलेला हेन्री फ्लेचर हा मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी केलेला माणूस. तो 1769 पासून कंपनीचा डायरेक्टर झाला आणि 1782-83 मध्ये चेअरमन. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला तो याच 1782 साली. त्याच्या बातम्या लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत पोचत होत्या तेव्हा खुर्चीत फ्लेचर होता. 1783 मध्ये फॉक्स आणि नॉर्थ यांचं संयुक्त सरकार आलं. त्यात नावापुरता पंतप्रधान कोण, तर पोर्टलंडचा ड्यूक. कंपनीचा कारभार सात कमिशनरांच्या हाती देणारं फॉक्सचं इंडिया बिल आलं, आणि त्या सातांत एक नाव फ्लेचरचं. इंगलवुडचा धनी आणि इंगलवुडचा उमेदवार, दोघे एकाच बिलावर.

समोरच्या बाजूला चोवीस वर्षांचा विल्यम पिट. 1780 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या जागेवर हरलेल्या या पोराला खासदार कोणी केलं? लाउदरने. अ‍ॅपलबी गावाची एक खासदारकी त्याच्या खिशात होती, ती त्याने एका मित्राच्या शब्दावर पिटला देऊन टाकली. पिटने आईला लिहिलं होतं, की या निवडणुकीचा आपल्याला काही त्रास नाही, मतदारांना भेटायलासुद्धा जावं लागणार नाही. अट एकच: मतभेद झाले तर जागा सोडायची. पार्लमेंटातली लाउदरची माणसं पुढे वाढत जाऊन नऊवर गेली. विरोधक त्यांना नाइनपिन्स या खेळातल्या नऊ खुंट्या म्हणत: एकाच चेंडूने पाडायच्या, एकाच हाताने उभ्या करायच्या.

लाउदर हा अमेरिकेच्या युद्धात सरकारचा कडवा विरोधक होता, हेही इथे सांगायला हवं. 1781 च्या डिसेंबरात युद्ध थांबवण्याचा ठराव त्याने मांडला आणि तो 220 विरुद्ध 179 असा थोडक्यात पडला. माणूस नुसता खाऊ नव्हता, त्याला राजकीय मतं होती. पण 1783 मध्ये मत आणि वैर एकाच दिशेला निघालं. राजाने उमरावांना निरोप पाठवून बिल वरच्या सभागृहात पाडलं, पोर्टलंडचं सरकार गेलं आणि 19 डिसेंबरला पिट पंतप्रधान झाला. पुढच्या वर्षी पिटचा इंडिया अ‍ॅक्ट आला, ज्याने कंपनीच्या डोक्यावर बोर्ड ऑफ कंट्रोल बसवलं. त्याच 1784 च्या मे महिन्यात लाउदर लॉन्सडेलचा अर्ल झाला.

अर्ल झाल्यावर सुधारला? छे. पुढच्याच वर्षापासून कार्लाइल शहरात त्याच्या माणसांनी हजाराहून जास्त मानद ‘नागरिक’ भरून मतदारयादी फुगवली. त्यात व्हाइटहेवनच्या खाणींतले कामगार भरपूर. एका रात्रीत उगवलेल्या या मतदारांना शहरातले लोक मशरूम म्हणत. आपल्याकडे कुत्र्याच्या छत्र्या म्हटलं असतं. त्यांच्या जोरावर 1786 मध्ये दोनदा त्याचे उमेदवार आले आणि सभागृहाने दोन्ही वेळा ते उडवले. तीच पद्धत, तीच ठेच.

एक कर्ज

या सगळ्या उलाढालींचा रोजचा राबता ज्यांच्या खांद्यावर होता त्यांतला एक माणूस म्हणजे कॉकरमथचा वकील जॉन वर्डस्वर्थ. लाउदरचा कायदेशीर आणि राजकीय कारभारी. गावातल्या मुख्य रस्त्यावर मोठं, खिडक्याच खिडक्या असलेलं घर होतं, ते लाउदरच्या मालकीचं. कारभारी त्यात बिनभाड्याने राहायचा. तिथेच 1770 मध्ये त्याचा दुसरा मुलगा विल्यम जन्मला, पुढे कवी झाला तो. बाप मालकाच्या कामासाठी खिशातून पैसे घालायचा आणि वहीत मांडून ठेवायचा. हिशेब मागायची मालकाकडे रीत नव्हती आणि कारभाऱ्याकडे धाडस.

1783 च्या हिवाळ्यात मिलमच्या बाजूचं कॉरोनरचं, म्हणजे अपमृत्यूंच्या चौकशीचं, काम आटोपून परतताना जॉन डोंगरात वाट चुकला आणि रात्रभर उघड्यावर राहिला. अंगात थंडी भरली ती निघाली नाही. 30 डिसेंबरला तो गेला. मालकाने उभा केलेला पोरगा पंतप्रधान होऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. आई आधीच वारलेली. पाच मुलं पोरकी, घर मालकाचं. वहीत लाउदरकडून येणं निघालं साडेचार हजार पौंडांहून जास्त.

कॉकरमथच्या दहा-अकरा बर्गेजांएवढी ती रक्कम. लाउदरने दिली नाही. मुलांच्या पालकांनी दावा लावला, तो 1791 मध्ये कार्लाइलला सुनावणीला आला. उत्तरेच्या सर्किटवरचे झाडून सगळे वकील लाउदरने आधीच बांधून घेतले होते, असं सांगतात. निकाल मुलांच्या बाजूने लागला, रक्कम ठरवायचं काम लवादाकडे गेलं, आणि लवाद सरकेचना. इंगलवुडमध्ये सरकारी पट्टा एका मुद्द्यावर कोसळला, कारण समोर ड्यूक होता. इथे साध्या हिशेबाच्या वह्यांना कोणी आव्हानच देऊ शकत नव्हतं, तरी अकरा वर्षं पैसा आला नाही.

लाउदर 1802 च्या मे महिन्यात वारला. अर्लपद त्याच्याबरोबर संपलं, व्हायकाउंटपद आणि इस्टेट नात्यातल्या विल्यम लाउदरकडे गेली. हा वेगळ्या स्वभावाचा निघाला. त्याने जुनी देणी मागवली आणि वर्डस्वर्थ भावंडांना व्याजासकट सुमारे साडेआठ हजार पौंड चुकते केले. पुढे 1813 मध्ये त्याच्याच शब्दाने कवीला वेस्टमोरलंडच्या मुद्रांक वितरकाची सरकारी जागा मिळाली, आणि 1818 च्या निवडणुकीत कवीने लाउदरांच्या उमेदवारांसाठी पत्रकं लिहिली. वेस्टमोरलंडमध्ये आता कोणालाही खरेदीखत करायचं असो, गहाणखत असो की भाडेपट्टा, त्याला लागणारा मुद्रांकाचा कागद जॉन वर्डस्वर्थच्या मुलाच्या कचेरीतून यायचा.